मथळ्यातल्या ‘या’ला नाव द्या

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमचे सार्वजनिक वाचनालय तालुक्याच्या गावी आहे, ‘ब’ वर्गाचे आहे आणि आपल्या दैनिकाचे जुने वर्गणीदार आहे. गेली बावीस वर्षे मी तेथे ग्रंथपाल म्हणून काम करते. रोज सकाळी अंकावर वाचनालयाचा शिक्का मारून तो वाचकांच्या लांब टेबलावर ठेवायचा, संध्याकाळी उचलून रॅकवर लावायचा आणि महिना संपला की त्या महिन्याची फाइल बांधायची, हा माझ्या कामाचा भाग आहे. हे पत्र लिहिण्याचे कारण याच टेबलावर घडले, म्हणून सुरुवात तेथूनच करते.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागून काही दिवस झाले होते. एसटीतून निवृत्त झालेले आमचे एक नियमित वाचक सकाळी मोबाइल हातात धरूनच आत आले आणि आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावरील मथळा त्यांनी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला : ‘मोठी बातमी! ऐन निवडणुकीत जिल्ह्यातील ‘या’ बड्या नेत्याचा राजीनामा. राजकीय वर्तुळात खळबळ.’ टेबलाभोवती सात-आठ जण होते. प्रत्येकाने त्या ‘या’च्या जागी आपल्या मनातले नाव घातले. एकाला वाटले, सत्ताधारी पक्षातली नाराजी अखेर बाहेर आली. दुसऱ्याला वाटले, विरोधकांच्या होडीतून पहिली उडी पडली. जी दोन माणसे एरवी एकच चहा अर्धा-अर्धा करून पितात, त्यांची शब्दाला शब्द लागून बाचाबाची झाली आणि एक जण पेपर न वाचताच उठून गेला. मग मी ती बातमी उघडून शेवटपर्यंत वाचली. आधी तीन परिच्छेद जिल्ह्याच्या राजकारणाची पार्श्वभूमी, मधे मधे जाहिराती, आणि अगदी तळाशी एवढेच की एका माजी जिल्हा परिषद सदस्यांनी प्रकृतीच्या कारणावरून एका पतसंस्थेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आहे.

दुपारी मी ते पान पुन्हा पाहिले तेव्हा मथळा बदललेला होता. ‘बडा नेता’ जाऊन ‘माजी सदस्य’ आले होते, खळबळही गेली होती. मात्र मथळा बदलला आहे, तो का बदलला आणि किती वाजता बदलला, याची एका ओळीचीही नोंद तेथे नव्हती. दुसऱ्या दिवशी आपल्या छापील अंकात हीच बातमी पाचव्या पानावर एका स्तंभात आली. नाव, संस्था आणि कारण मथळ्यातच होते आणि बातमी आठ ओळींत संपली होती. तो अंक माझ्या फाइलीत आहे. सकाळच्या मथळ्याने आमच्या टेबलावर आणि तेथून आठवड्याच्या बाजारात जे काही पोहोचवले, त्याची मात्र माझ्याकडे कोणतीही प्रत नाही आणि आपल्याकडेही ती असेल असे वाटत नाही.

एकाच संस्थेच्या छताखाली एकाच बातमीचे असे दोन मथळे का होतात, हा माझा प्रश्न आहे.

‘हा, ही, हे’ ही दर्शक सर्वनामे आपण प्राथमिक शाळेत शिकतो. ‘या’ हे त्यांचेच सामान्यरूप. समोरच्या माणसाकडे किंवा वस्तूकडे बोट दाखवायचे असते, तेव्हा हा शब्द वापरायचा असतो. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन मराठी बातम्यांनी त्याला अवतरणचिन्हांत घालून उलट कामाला लावले आहे. ‘या’ नेत्याचा पक्षप्रवेश, ‘या’ जिल्ह्याला धोका, ‘या’ तारखेला फैसला, ‘या’ महिलांचे पैसे बंद. बोट दाखवले जाते, पण त्या बोटापुढे काहीच नसते. हाच प्रकार अर्धवट तोडलेल्या मथळ्यांचा : अमुक नेत्याबद्दल विचारताच तमुक नेते म्हणाले, आणि पुढे तीन टिंबे. ते काय म्हणाले, हीच तर बातमी असते. पाककृती किंवा चित्रपटाच्या बातमीत असे केले, तर वाचकाची दोन मिनिटे वाया जातात आणि तो ते विसरून जातो. राजकीय बातमीत ती रिकामी जागा रिकामी राहत नाही. वाचक ती आपल्या पूर्वग्रहाने भरतो, बातमी न उघडताच पुढे पाठवतो आणि दिवसाच्या शेवटी त्याच्या मनात एक ‘माहिती’ शिल्लक राहते, जी कोणीही छापलेली नसते आणि म्हणून कोणाला नाकारताही येत नाही. वाचकाला फसवून आत ओढणारा मथळा आणि राजकीय पक्षपात हे दोन वेगळे दोष आहेत असे मी पूर्वी समजत होते. त्या सकाळपासून मला ते एकच वाटू लागले आहेत.

त्यानंतर महिनाभर मी निरनिराळ्या संकेतस्थळांवरील राजकीय बातम्यांचे मथळे एका वहीत उतरवून ठेवले. त्या वहीत मला सर्वांत अधिक खटकली ती क्रियापदे. एका पक्षाचा नेता बोलला की तो ‘ठणकावतो’, ‘सुनावतो’, ‘समाचार घेतो’. दुसऱ्या पक्षाचा नेता त्याच दिवशी, त्याच विषयावर, तितक्याच मापाचे वाक्य बोलला तर तो ‘बरळतो’ किंवा त्याची ‘जीभ घसरते’. एकाचे म्हणणे ‘स्पष्टीकरण’ असते, दुसऱ्याचे ‘सारवासारव’. एकाच्या सभेला ‘जनसागर उसळतो’, तर दुसऱ्याच्या सभेतल्या ‘रिकाम्या खुर्च्यांची चर्चा’ होते. संकेतस्थळ बदलले की हीच क्रियापदे पक्ष बदलतात. बातमीत कोठेही असत्य नसते; तारीख, स्थळ, वाक्य सर्व बरोबर असते. निकाल मात्र क्रियापदाने आधीच देऊन टाकलेला असतो. ‘म्हणाले’, ‘सांगितले’, ‘आरोप केला’, ‘नाकारले’ ही साधी, सरळ क्रियापदे आपल्या भाषेत पुरेशी आहेत आणि आपल्या छापील अंकात ती आजही वापरली जातात, हे मी फाइली चाळून खात्रीने सांगू शकते.

वृत्तपत्राला मत नसावे असे माझे म्हणणे नाही. मराठी वृत्तपत्रांची परंपरा तशी नव्हतीच. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर लोकमान्य टिळकांशी त्यांचे पटेनासे झाले, तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. ‘सुधारक’ हातात घेणाऱ्याला तो कोणत्या बाजूचा आहे हे नावावरूनच कळत होते. दोघांनीही एकमेकांवर जळजळीत लिहिले, पण आपण काय मानतो हे लपवून लिहिले नाही. अग्रलेखात आपण एखाद्या पक्षाची बाजू घेतली, तर मी ती वाचीन, पटली नाही तर पत्र पाठवीन. पक्षपात बातमीच्या क्रियापदात लपून आला, तर वाचकाने वाद घालायचा कोणाशी? तेथे तर लेखकाचे नावही नसते. ‘ऑनलाइन डेस्क’ एवढेच असते.

छापील अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कोठे छापले, संपादक कोण, आणि बातम्यांच्या निवडीची कायद्यानुसार जबाबदारी कोणाची. १८६७ च्या कायद्यापासून चालत आलेली ही पद्धत आहे. २०२३ मध्ये संसदेने त्या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. तोही छापील नियतकालिकांचाच आहे. वाचनालयातील फारसे कोणी ती ओळ वाचत नाही. पण ती ओळ आणि तारीख घातलेला, बदलता न येणारा कागद, या दोन गोष्टींमुळे वृत्तपत्राला जाब विचारता येतो.

याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण उघडकीस आणले, तेव्हा त्यांच्या हातातील सर्वांत भक्कम पुरावा छापील अंक हाच होता. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा आला होता आणि ते अंक शेजारी-शेजारी ठेवून कोणालाही पाहता येत होते. त्यावर वृत्तपत्रांच्या आचारावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल कौन्सिलने सुरुवातीला पूर्ण स्वरूपात प्रसिद्धच केला नाही; केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. अहवाल दाबता आला, अंक दाबता आले नाहीत, कारण ते ठिकठिकाणच्या वाचनालयांत बांधून ठेवलेले होते. आज तसे काही संकेतस्थळांवर घडले, तर सकाळचा मजकूर दुपारी नाहीसा करायला एक कळ पुरेशी आहे.

चूक कोणाच्याही हातून होऊ शकते आणि छापील पत्रांच्या हातूनही होते. मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा २०२४ चा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला होता. मतमोजणी केंद्रात विजयी उमेदवाराच्या नातेवाइकाकडे मोबाइल असल्याची तक्रार होती, त्याबाबत गुन्हाही दाखल झाला होता. १६ जूनला एका इंग्रजी दैनिकाने त्या मोबाइलवर ओटीपी येऊन मतदान यंत्र उघडले गेल्याचे वृत्त दिले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की मतदान यंत्र स्वतंत्र असते, ते कशालाही जोडलेले नसते आणि ते उघडायला ओटीपी लागत नाही. पुढे त्या दैनिकाने आपली चूक छापून मान्य केली. त्या आठवड्यात आमच्या टेबलावर दोन्ही बाजूंचे मोबाइल फिरत होते. एका बाजूच्या पडद्यावर मतदान यंत्रातील घोटाळा सिद्ध झाला होता. दुसऱ्या बाजूच्या पडद्यावर मूळ तक्रारच खोटी ठरली होती. म्हणजे मतमोजणी केंद्रात मोबाइल कसा आला, हा खरा आणि महत्त्वाचा प्रश्नही त्याबरोबर पुसला गेला होता. त्या दैनिकाची दिलगिरी यांपैकी कोणीही वाचली नव्हती. मी ती छापून सूचना फलकावर लावली, तेव्हा दोघांनी ती थांबून वाचली.

याहून गंभीर उदाहरण करोनाकाळातले आहे. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन येथील तबलिगी जमातच्या मेळाव्यानंतर रोगाच्या प्रसाराचे खापर एका समाजावर फोडणारे मथळे आठवडेच्या आठवडे चालले. त्या मेळाव्याला जाऊन आलेल्या परदेशी नागरिकांवर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि त्या निकालात मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून या लोकांविरुद्ध मोठा अपप्रचार झाल्याचे, त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे स्पष्ट शब्दांत नमूद केले. आमच्या गावातील एका फळविक्रेत्याच्या गाडीवर त्या एप्रिलमध्ये कोणी जात नव्हते. तो माणूस दिल्लीला जन्मात गेला नव्हता. निकालानंतर मी वाचनालयाच्या संगणकावर त्या वेळच्या बातम्या शोधल्या, तेव्हा अनेक मथळे जसेच्या तसे सापडले आणि न्यायालयाने पुढे काय म्हटले याची टीप मला त्यांतील एकाखालीही दिसली नाही. पतसंस्थेचा मथळा दुपारपर्यंत गुपचूप बदलता येतो, तर या मथळ्यांखाली एक ओळ घालणे कोणालाच का जमले नाही, हे मला आजही कळत नाही.

यावर सरकारने नियंत्रण आणावे असे काही वाचक सुचवतात. मला ते मान्य नाही आणि हे मी विचारपूर्वक लिहिते आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियम आणले, त्यांत ऑनलाइन बातम्यांसाठी आचारसंहिता आणि तक्रारीची त्रिस्तरीय रचना होती. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर सरकारचेच अधिकारी होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या तरतुदींना स्थगिती दिली. सरकारी कामकाजाविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारच्याच कक्षाने ठरवावे, ही २०२३ ची दुरुस्तीही याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. दोन्ही वेळा न्यायालयाने योग्य केले असे माझे मत आहे, कारण ज्याच्याविषयी बातमी आहे त्याच्याच हातात बातमी खोडण्याचे रबर देणे वाचकाच्या हिताचे नाही. परंतु त्यामुळे संपादकांवरील जबाबदारी वाढते. मथळा भडक नसावा आणि खालच्या मजकुराला धरून असावा, असे प्रेस कौन्सिलची पत्रकारितेची आचारतत्त्वे सांगतात. आपला छापील अंक कौन्सिलच्या कक्षेत येतो, म्हणून त्याच्या मथळ्यांना ती तत्त्वे लागू आहेत. त्याच संपादकांच्या, त्याच नावाच्या, त्याच बोधचिन्हाच्या संकेतस्थळावर ती पाळायला कायद्याची वाट कशाला पाहायची?

आपली बाजूही मी समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. आमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असलेला एक मुलगा पुढे पत्रकारितेकडे वळला आणि पुण्यात एका संकेतस्थळाच्या डेस्कवर काम करू लागला. नंतर एकदा तो भेटायला आला, तेव्हा मी त्याला माझी वही दाखवली. त्याने ती नीट वाचली आणि म्हणाला, “मॅडम, यातले काही मथळे मीच दिलेले असतील.” त्याने जे सांगितले ते असे. एका शिफ्टमध्ये डझनभर बातम्या टाकायच्या असतात. त्यांतील बहुतेक दुसरीकडून आलेल्या असतात, फोन करून पडताळण्याइतका वेळ नसतो. या क्षणी कोणती बातमी किती लोक वाचत आहेत याचे आकडे समोरच्या पडद्यावर सतत हलत असतात. पेज व्ह्यूजवर जाहिरातीचे पैसे मिळतात आणि महिन्याच्या आढाव्यात त्याच आकड्यांवर बोलणे होते. नाव घालून साधा मथळा दिला की आकडा बसतो. नाव काढून ‘या’ घातले की उठतो. कोणत्या पक्षाच्या बातमीवर आपले वाचक अधिक तुटून पडतात हेही काही दिवसांत कळते, आणि मग मथळा आपोआप त्या बाजूला झुकायला लागतो. कोणी तसा आदेश देत नाही. “तुमच्या टेबलावरच्या वाचकांनी नाव असलेला मथळा उघडला असता का?” असे त्याने मला विचारले. त्याचा प्रश्न खरा होता आणि मला लगेच उत्तर देता आले नाही. मी स्वतःही असे मथळे उघडले आहेत आणि पुढेही पाठवले आहेत.

तरीही त्याला जे सांगितले तेच येथे लिहिते. त्या मुलाला बातमी कशी लिहावी हे चांगले कळते. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अहवालाचे वृत्त त्याने दोनदा लिहून दिले होते आणि त्यात एक शब्द जास्त नव्हता. त्याला तसे लिहू न देणारा आकडा कोणी तरी त्याच्यासमोर लावलेला आहे, आणि तो काढण्याचा अधिकार डेस्कवरच्या मुलांना नसून आपल्यासारख्या संपादकांना आहे. ऑनलाइन आवृत्तीसाठी वेगळी वर्गणी ठेवायची असेल, तर ती ठेवा. आमच्या कार्यकारिणीपुढे तो ठराव मी स्वतः मांडीन. वाचनालयाचे अनुदान किती आणि कसे येते हे आपल्याला माहीत असेलच; तरी ज्या बातमीवर विश्वास ठेवता येतो तिच्यासाठी पैसे देणारे वाचक तालुक्याच्या गावीही आहेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. आपल्या संकेतस्थळावरील राजकीय बातमीच्या मथळ्यात व्यक्तीचे आणि पदाचे नाव असावे. प्रसिद्ध झाल्यानंतर मथळा किंवा मजकूर बदलला, तर आधी काय होते, काय बदलले आणि किती वाजता, हे बातमीच्या खाली लिहावे. मत असेल तेथे ‘मत’ आणि पैसे घेतले असतील तेथे ‘जाहिरात’ असे मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात म्हणावे. ‘विशेष उपक्रम’ किंवा ‘ब्रँड स्टोरी’ म्हटल्याने आमच्या वाचकांना काहीही कळत नाही. आणि मजकुराची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचे नाव छापील अंकासारखेच तेथेही असावे.

पतसंस्थेच्या त्या बातमीबद्दल मी आपल्या संकेतस्थळाच्या तक्रारीच्या पत्त्यावर दोन ईमेल पाठवले होते, त्यांचे उत्तर आलेले नाही. त्या मथळ्याची दुरुस्ती आपण प्रसिद्ध केलीत, तर कृपया तिची छापील प्रत वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवावी. त्या महिन्याच्या फाइलीत, पाचव्या पानावरील आठ ओळींच्या बातमीशेजारी, मी तिच्यासाठी जागा ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल